हिशेब आणि सही

(परदेशी जाऊन हिशेबाचे काम करावे, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी आणि त्या परीक्षेतील कोणते विषय निवडावेत, याचा विचार कसा करावा हे या पाठात सांगितले आहे.)

दहावीचा निकाल लागला, की आपल्या अकलूजमध्ये घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "आता पुढे काय?" कोणाचे मामू दुबईला असतात, कोणाचे चाचा रियाधला. ते फोनवर सांगतात, "कॉमर्सला जा. इकडे हिशेबाच्या माणसाला काम मिळते." त्यांचे म्हणणे खोटे नसते. मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेत नाव घालते. पण त्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. परदेशी जायचे असेल तर परीक्षा कोणती द्यायची? आणि त्या परीक्षेत जे विषय आपल्या पसंतीवर सोडलेले असतात, त्यांतले कोणते घ्यायचे?

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या ईदला भेटायला आला होता. तो दुबईत एका कंपनीचे हिशेब पाहतो. त्याने एसीसीए ही ब्रिटनमधील संस्थेची परीक्षा पास केली आहे. त्या परीक्षेच्या शेवटच्या टप्प्यात चार विषयांपैकी दोन निवडायचे असतात. त्याने लेखापरीक्षणाचा विषय सोडला आणि दुसरे दोन घेतले. मी विचारले, "का सोडलास?" तो म्हणाला, "सर, मित्र म्हणाले तो पेपर अवघड आहे. मीही फार विचार केला नाही." पुढे त्याला ब्रिटनमधील एका लेखापरीक्षण पेढीत काम मिळण्याची संधी आली. एक दिवस स्वतःची पेढी काढावी, हे त्याचे स्वप्न होते. तेव्हा त्याला कळले, की लेखापरीक्षक म्हणून सही करायची असेल तर नेमका तोच पेपर लागतो. शिवाय कायदा आणि कर हे विषयही ब्रिटनच्या पद्धतीने झालेले असावे लागतात. आता नोकरी, घर आणि लहान मुलगी सांभाळून तो रात्री पुन्हा अभ्यासाला बसतो.

त्याची हुशारी कमी पडली नव्हती. फक्त एक प्रश्न त्याने वेळेवर विचारला नव्हता. तो प्रश्न असा : मला सही कोठे करायची आहे?

हा प्रश्न समजण्यासाठी आधी हिशेब म्हणजे काय ते पाहू. तुम्हांला मराठी अवघड वाटते, असे तुम्ही मला नेहमी सांगता. पण हिशेबाची मराठी तुम्हांला आधीच येते. जमा, खर्च, बाकी, रक्कम, कर्ज, वसूल, तारीख हे शब्द मराठीतही आहेत आणि तुमच्या उर्दूतही. 'हिसाब' चा मराठीत 'हिशेब' झाला, एवढाच फरक. शिवाजी महाराजांच्या राज्यात जमाखर्च तपासणाऱ्या प्रधानाला मुजुमदार म्हणत. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा या पदाला अमात्य असे नाव मिळाले. मुजुमदार हा शब्द 'मजमूआदार' पासून आला आहे. 'फर्दनवीस' चा फडणवीस झाला. आज ही मराठी आडनावे आहेत. पण ती मुळात हिशेबाच्या कामाची नावे होती.

हिशेबाचे तत्त्वही असेच गावोगाव फिरलेले आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकाने दिले म्हणजे दुसऱ्याने घेतले. म्हणून प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, या रीतीला दुहेरी नोंद पद्धती म्हणतात. इटलीतील लुका पॅचिओली या गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात ही रीत समजावून सांगितली. व्हेनिसचे व्यापारी त्याआधीपासून ती वापरत होते. आज अकलूजच्या अडत दुकानात आणि लंडनच्या बँकेत याच रीतीने हिशेब लिहितात. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सर्वत्र जुळाव्याच लागतात.

मग अडचण कोठे येते? अडचण येते ती कायद्यात आणि करात. एक शब्द घेऊ : जकात. तुमच्या घरी जकात म्हणजे वर्ष पूर्ण झालेल्या संपत्तीतून गरिबांसाठी काढायचा अडीच टक्के हिस्सा. मराठीत मात्र जकात म्हणजे शहराच्या नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर. मुंबईत ही जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू होईपर्यंत चालू होती. सौदी अरेबियात तिसराच प्रकार आहे. तेथे जकात सरकारी खात्यात भरतात. कंपनीतील सौदी भागीदारांच्या वाट्यावर जकात घेतली जाते आणि परकीय भागीदारांच्या नफ्यावर २० टक्के आयकर लागतो. हे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावातच जकात, कर आणि सीमाशुल्क हे तीन शब्द आहेत. म्हणजे शब्द एकच. पण घरात, मुंबईच्या नाक्यावर आणि रियाधमध्ये त्याचा अर्थ वेगवेगळा. फक्त शब्द ओळखीचा आहे म्हणून जो हिशेब करील, तो चुकेल.

आता आपल्या शेतातले उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील केळी आखाती देशांत जातात. करमाळा तालुक्यातील कंदर गाव तर केळीच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध आहे. समजा, एका व्यापाऱ्याने ३०,००० दिरहमांची केळी दुबईत मागवली आणि ती ४०,००० दिरहमांना विकली. इतर खर्च सोडून दिला, तर त्याला १०,००० दिरहम उरले. ही वजाबाकी सहावीतला मुलगाही करील. आता कर पाहा. भारतात ताज्या केळ्यांवर जीएसटी नाही. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून विक्रीवर ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. म्हणून दुबईच्या व्यापाऱ्याला बीजकात ४०,००० वर २,००० दिरहम कर लावून तो सरकारला द्यावा लागेल. तीच केळी रियाधमध्ये ४०,००० रियालांना विकली, तर कर ६,००० रियाल होईल; कारण सौदी अरेबियात जुलै २०२० पासून हा दर १५ टक्के आहे. केळी तीच आणि वजाबाकीही तीच. मात्र प्रत्येक बंदरावर कायदा बदलला.

यातून एक सोपा नियम निघतो. हिशेब लिहिणे, खर्चाचा अंदाज करणे, पैशाचे नियोजन करणे आणि हिशेब तपासण्याची मूळ रीत, हे ज्ञान कोठेही नेता येते. कर आणि कायदा यांचे ज्ञान मात्र त्या त्या देशाचे असते. विषय निवडताना ही दोन गाठोडी वेगळी बांधावीत.

आता सहीविषयी बोलू. कंपनीच्या कचेरीत बसून हिशेब ठेवणे हे एक काम. कंपनीचे हिशेब बाहेरून तपासून "हे खरे आहेत" असे लिहून खाली सही करणे हे दुसरे काम. याला लेखापरीक्षण किंवा ऑडिट म्हणतात. या सहीवर विश्वास ठेवून बँक कर्ज देते, लोक पैसे गुंतवतात, सरकार कर ठरवते. म्हणून ही सही कोणी करावी, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने ठरवतो.

आपल्या देशातही हा अधिकार एका दिवसात मिळालेला नाही. १९१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाची पात्रता प्रथम ठरवून दिली. त्या काळी इंग्लंडमधील संस्थांच्या सदस्यांचा येथे मोठा मान होता. येथील तरुणांसाठी मुंबई सरकारने १९१८ मध्ये लेखाकर्माची सरकारी पदविका सुरू केली. ती जी.डी.ए. या नावाने ओळखली जाई. १९३३ मध्ये मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी ही पदविका मिळवली. त्या भारतातील पहिल्या महिला लेखापाल मानल्या जातात. स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यासाठी त्यांना कायद्याशी झगडावे लागले. मुलींनो, हे लक्षात ठेवा. परीक्षा पास होणे आणि सहीचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

स्वातंत्र्यानंतर १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. मुंबईचे जी. पी. कपाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष होते. या संस्थेची परीक्षा पास होऊन सदस्य झालेल्या व्यक्तीला आपण सीए म्हणतो. भारतात कंपन्यांचे लेखापरीक्षण फक्त सीएच करू शकतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे संस्थेचे व्यवसाय प्रमाणपत्र असावे लागते. २०१९ पासून त्याच्या सहीबरोबर १८ अक्षरे व अंकांचा ओळखक्रमांकही द्यावा लागतो, म्हणजे खोटी सही लगेच ओळखता येते.

आता परदेशाकडे वळू. तेथे जाणाऱ्यांपुढे साधारणपणे तीन वाटा असतात.

पहिली वाट सीएची. नव्या अभ्यासक्रमात, जो १ जुलै २०२३ पासून लागू झाला, तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात चार पेपर असतात. बारावी झाल्यावर त्याला बसता येते. नाव मात्र दहावीनंतरही तात्पुरते नोंदवता येते. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. दुसऱ्या आणि अंतिम टप्प्यात प्रत्येकी सहा पेपर असतात. मध्ये दोन वर्षे एखाद्या सीएच्या हाताखाली काम शिकावे लागते. त्या काळात थोडे विद्यावेतन मिळते. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते. दुबई, अबू धाबी, दोहा, कुवेत, मस्कत, रियाध अशा शहरांत संस्थेची परीक्षा केंद्रे आहेत.

सीएच्या अंतिम टप्प्यातही निवड आहे. मुख्य पेपरांबरोबर काही विषय स्वतः अभ्यास करून पूर्ण करायचे असतात आणि त्यांतले दोन विषय विद्यार्थ्याने पसंतीने घ्यायचे असतात. आंतरराष्ट्रीय करआकारणी हा त्यांपैकी एक पर्याय आहे. एका देशात राहून दुसऱ्या देशात कमावणाऱ्याने कर कोठे भरावा, हे त्यात शिकवतात. आखाती देशांत जाणाऱ्या भारतीय सीएकडे पुढे असे प्रश्न रोज येतील. म्हणून बाहेर जायचे असेल, तर हा विषय घेणे शहाणपणाचे आहे.

दुसरी वाट एसीसीएची. ही संस्था १९०४ मध्ये लंडनला सुरू झाली. तिच्या परीक्षेत एकूण १३ पेपर असतात आणि प्रत्येकात ५० टक्के गुण लागतात. मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबर अशा चार वेळा परीक्षा होते. यात दोन ठिकाणी निवड करावी लागते. पहिली निवड देशाची. कायदा आणि कर यांसारखे काही पेपर वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे असतात. दुसरी निवड विषयाची. शेवटी प्रगत वित्त व्यवस्थापन, प्रगत कामगिरी व्यवस्थापन, प्रगत करआकारणी आणि प्रगत लेखापरीक्षण या चारांपैकी दोन घ्यायचे.

येथे नीट विचार करावा. बँकेत किंवा मोठ्या कंपनीत पैशाचे नियोजन करायचे असेल, तर वित्त व्यवस्थापन उपयोगी पडते. कारखान्याचे काम कसे सुधारावे हे सांगायचे असेल, तर कामगिरी व्यवस्थापन. या दोन विषयांना देशाची सीमा फारशी नसते. प्रगत करआकारणी हा विषय मात्र एका देशाच्या कायद्याशी बांधलेला असतो. ब्रिटनमध्ये करसल्लागार व्हायचे असेल, तर ब्रिटनचा कर शिकणे योग्य. पण रियाधला जाणाऱ्याला त्या पाठांतराचा थोडाच उपयोग. आणि लेखापरीक्षक म्हणून सही करायची इच्छा मनात थोडी जरी असेल, तर प्रगत लेखापरीक्षण सोडू नये. माझ्या विद्यार्थ्याचे जे झाले ते तुम्ही वाचलेच आहे. पेपर सोपा की अवघड, नोट्स मिळतात की नाही, यावरून विषय ठरवणे म्हणजे गाडी रिकामी आहे म्हणून तिच्यात बसणे. ती पंढरपूरला जाते की पुण्याला, हे आधी पाहायला नको का?

सीए झालेल्या व्यक्तीला एसीसीएच्या १३ पैकी ९ पेपरांत सूट मिळते. अशी सूट मिळाली, की वेळ व पैसा वाचतो. पण सूट मिळाली म्हणजे तेथील कायदा आपल्याला आला, असे समजू नये. सहीसाठी सुटलेल्या विषयांचीही वेगळी परीक्षा मागितली जाऊ शकते. हे आधी लेखी विचारून घ्यावे.

तिसरी वाट अमेरिकेच्या सीपीए परीक्षेची. जानेवारी २०२४ पासून तिची रचना बदलली आहे. लेखापरीक्षण, वित्तीय अहवाल आणि कर-कायदा हे तीन पेपर सर्वांना सारखे. चौथा पेपर तीन पर्यायांतून निवडायचा : व्यवसायाचे विश्लेषण, संगणकीय माहितीचे नियंत्रण किंवा करनियोजन. प्रत्येक पेपरात ७५ गुण लागतात. मुंबईसह भारतातील काही शहरांत ही परीक्षा देता येते. येथे एक गोष्ट वेगळी आहे. चौथा पेपर कोणताही घेतला, तरी मिळणारा परवाना एकच असतो. म्हणून तो आपल्या आवडीप्रमाणे घ्यायला हरकत नाही. परंतु हा परवाना अमेरिकेतील एकेका राज्याचे मंडळ देते आणि शिक्षणाच्या व अनुभवाच्या अटी तेच ठरवते. म्हणजे येथे विषयाआधी राज्य निवडावे लागते.

एका संस्थेची पात्रता दुसरी संस्था काही प्रमाणात मानते, असेही करार होतात. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २००८ मध्ये इंग्लंड व वेल्सच्या संस्थेशी असा करार केला. पुढे इतर देशांच्या संस्थांशीही करार झाले. परंतु करार ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपते, अटी बदलतात. चार वर्षांनंतर उपयोगी पडेल म्हणून आज वाट निवडताना केवळ करारावर भिस्त ठेवू नये.

मग आखाती देशांचे काय? आपल्या भागातील बहुतेक मुले तिकडेच जातात. तेथे कंपनीत नोकरी करणे आणि लेखापरीक्षक होणे यांतील फरक नीट समजून घ्या. कंपनीतील नोकरीसाठी मालक पदवी, अनुभव आणि सीए किंवा एसीसीए पाहतो. सौदी अरेबियात मात्र अशा नोकरीसाठीसुद्धा तेथील लेखापाल संस्थेकडे नोंदणी करावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत लेखापरीक्षकाचे नाव तेथील अर्थव्यवस्था मंत्रालयाच्या नोंदवहीत असावे लागते. केवळ भारतातील प्रमाणपत्र भिंतीवर टांगून तेथे सही करता येत नाही.

काही जण म्हणतात, "दुबईत करच नाही, मग कर कशाला शिकायचा?" एके काळी हे बरेचसे खरे होते. आता तेथे विक्रीवर मूल्यवर्धित कर तर आहेच. शिवाय १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या ३,७५,००० दिरहमांवरील नफ्यावर ९ टक्के कर आला आहे. ज्यांनी "कर नाही" असे धरून तो विषय टाकला होता, त्यांना तो कामावर असताना शिकावा लागला. यावरून समजते, की आजचा नियम पाठ करून भागत नाही. नवा कायदा हातात आला तर तो वाचून समजून घेता आला पाहिजे. त्यासाठी भाषा लागते. इंग्रजी तर लागतेच; पण आखाती देशांत अरबी वाचता आली तर मोठा फायदा होतो. तुम्हांला अरबी लिपीची ओळख लहानपणापासून आहे. ती नुसती वाचण्यापुरती न ठेवता अर्थासह शिका.

आणखी एक क्षेत्र तुमच्या ओळखीचे आहे. व्याज न घेणाऱ्या इस्लामी बँकांचे हिशेब कसे ठेवावेत, याचे मापदंड बहारीनमधील एक संस्था तयार करते. ही संस्था १९९१ पासून तेथे काम करते. तिचे नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे तिला आओफी म्हणतात. मुदारबा, मुराबहा, इजारा असे शब्द त्या हिशेबांत येतात. या विषयाचा अभ्यास मूळ पात्रता मिळाल्यानंतर जोड म्हणून करावा. आधी भिंत, मग रंग.

आता सर्वांत जवळची गोष्ट. एसीसीए किंवा सीपीए ही झाली पाच-सात वर्षांनंतरची निवड. तुमची पहिली निवड तर अकरावीतच येणार आहे. वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म आणि अर्थशास्त्र हे विषय असतात. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत त्यांच्याबरोबर गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांपैकी एक विषय निवडावा लागतो. गणिताची भीती वाटते म्हणून पुष्कळ विद्यार्थी दुसरा विषय घेतात. तो विषय वाईट नाही. गणित न घेताही सीएचा अर्ज भरता येतो. पण सीएच्या पहिल्या टप्प्यातील एक पूर्ण पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा असतो. अकरावी-बारावीत गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला तेथे दुप्पट मेहनत करावी लागते. तेव्हा पुढे हीच वाट धरायची असेल, तर गणित घ्या. दोन वर्षे रोज थोडे थोडे केले, तर ते अंगवळणी पडते.

पैशाचाही विचार करा. एसीसीएची फी पौंडांत आणि सीपीएची डॉलरांत भरावी लागते. रुपया घसरला, की न बदललेली फीसुद्धा आपल्याला महाग पडते. अब्बांनी कर्ज काढून पहिली फी भरली आणि पुढची भरता आली नाही, तर वर्षे आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून पहिला हप्ता भरण्यापूर्वी शेवटच्या पेपरापर्यंतचा सगळा खर्च कागदावर मांडा. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्याने पहिला हिशेब स्वतःच्या घराचा करावा. जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. नियम बदलत असतात, म्हणून संस्थेचे त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचा. इंग्रजी समजले नाही, तर शिक्षकांकडे घेऊन या.

आणि परतीची वाट बंद करू नका. परदेशी गेलेला माणूस कधी आईवडिलांसाठी, कधी मुलांसाठी परत येतो. अकलूजमध्ये शंकरनगरचा सहकारी साखर कारखाना आहे, पतसंस्था आहेत, दूधसंस्था आहेत. त्या सर्वांना हिशेब तपासणारा लागतो. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणासाठी महाराष्ट्रात जी.डी.सी. अँड ए. ही वेगळी परीक्षा आहे. पदवीनंतर ती देता येते आणि मराठीतही लिहिता येते. ती सही दुबईत चालणार नाही. पण आपल्या तालुक्यात तिला किंमत आहे. उलट, फक्त एसीसीए किंवा सीपीए झालेला माणूस परत आला, तर त्याला येथील कंपनीत नोकरी करता येईल. पण येथील कंपनीच्या लेखापरीक्षणावर सही करता येणार नाही. म्हणून ज्याला झेपेल त्याने आधी सीए पूर्ण करावे आणि मग जेथे जायचे त्या देशाची परीक्षा जोडावी, असे मला वाटते. ज्याने कायम बाहेरच राहायचे आणि कंपनीतच नोकरी करायची असे ठरवले आहे, त्याच्यासाठी एसीसीएची सरळ वाट चुकीची नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवा. मला कोणत्या देशात काम करायचे आहे? मला हिशेब लिहायचा आहे, की तपासून सही करायची आहे? परत यावे लागले, तर माझी कोणती सही येथे चालेल? आज उत्तरे येणार नाहीत. पण हे प्रश्न मनात असतील, तर अकरावीचा अर्ज भरताना तुमचा हात थबकेल आणि तुम्ही विचार कराल.

माझा तो विद्यार्थी ईदच्या दिवशी निघताना म्हणाला, "सर, डिसेंबरमध्ये पेपर आहे. दुआ करा. आणि वर्गातल्या मुलांना माझे सांगा." म्हणून हा पाठ लिहिला.

शब्दार्थ

लेखापरीक्षण – हिशेबांची तपासणी, ऑडिट
सनदी लेखापाल – सीए
पेढी – व्यवसायाचे कार्यालय, फर्म
ताळेबंद – येणे, देणे व मालमत्ता दाखवणारे पत्रक
बीजक – मालाचे बिल
विद्यावेतन – काम शिकत असताना मिळणारी रक्कम
भिस्त – भरवसा
अंगवळणी पडणे – सवय होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दुहेरी नोंद पद्धती म्हणजे काय?
(आ) भारतीय सनदी लेखापाल संस्था केव्हा स्थापन झाली?
(इ) लेखकाच्या विद्यार्थ्याने कोणता विषय सोडला होता?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'जकात' या शब्दाचे पाठात आलेले तीन अर्थ सांगा.
(आ) केळीच्या उदाहरणातून लेखकाने काय समजावले आहे?
(इ) एसीसीए आणि सीपीए या परीक्षांतील विषयनिवडीत कोणता फरक आहे?

३. कारणे द्या.
(अ) केवळ करारावर भिस्त ठेवून वाट निवडू नये.
(आ) पुढे सीए व्हायचे असेल तर अकरावीत गणित घ्यावे.

४. समजा, दुबईतील एका व्यापाऱ्याने ६०,००० दिरहमांची डाळिंबे विकली. त्याला ५ टक्के दराने किती मूल्यवर्धित कर लावावा लागेल? हाच माल रियाधमध्ये ६०,००० रियालांना विकला, तर १५ टक्के दराने कर किती होईल?

५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे हिशेबाचे दहा शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

६. परदेशी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला पत्र लिहून तेथील हिशेबाच्या कामाविषयी माहिती विचारा.